आधी डेटा, मग पाहुणे

‘वित्तक्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्ता : संधी आणि आव्हाने’ अशा नावाची कार्यशाळा महाविद्यालयात ठरली की पहिल्या बैठकीत साधारण तीन गोष्टी नक्की होतात. उद्घाटक कोण, सभागृह कोणते आणि जेवणाचे कंत्राट कोणाला. विषयाचे काय करायचे ते पाहुण्यांवर सोपवलेले असते. मग ठरल्या दिवशी दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय आणि शाल-श्रीफळ यांत पाऊण तास जातो. उरलेल्या वेळात पडद्यावर रोबोटचा निळा हात रुपयाच्या चिन्हाला बोट लावताना दिसतो. सहभागी प्रमाणपत्र घेऊन घरी जातात. पदोन्नतीच्या फाइलला त्याचा उपयोग होतो, वर्गात मात्र सोमवारी काही बदललेले नसते.

तुमच्यावर अशा कार्यशाळेची जबाबदारी आली असेल, तर हा क्रम उलटा करा. पहिल्या बैठकीत एवढेच ठरवा : सहभागी संगणकासमोर बसून कोणता एक प्रश्न सोडवतील, कोणत्या डेटावर, आणि त्यात मॉडेल कुठे फसते हे त्यांना स्वतःच्या हाताने कसे दिसेल? या तिसऱ्या भागावर माझा भर आहे. दोन दिवसांत कोणी डेटा सायंटिस्ट होत नाही. पण वाणिज्य शाखेचा प्राध्यापक, एमबीएचा विद्यार्थी किंवा नागरी सहकारी बँकेचा शाखाधिकारी दोन दिवसांत एवढे नक्की शिकू शकतो, की समोर ‘अचूकता ९९ टक्के’ असे लिहिलेले आले तर पुढचा प्रश्न काय विचारायचा. उद्या सॉफ्टवेअर विकायला येणाऱ्या कंपनीसमोर त्याला हाच प्रश्न कामी येणार आहे.

सरावासाठी डेटा निवडताना नव्याच्या मागे लागू नका. ज्याच्या खोडी माहीत आहेत असा जुना, खुला डेटा शिकवायला जास्त बरा. क्रेडिट कार्ड फसवणुकीचा एक डेटासंच ब्रसेल्सच्या विद्यापीठातील संशोधक गटाने खुला केलेला आहे. सप्टेंबर २०१३ मधल्या दोन दिवसांतले युरोपातील कार्डधारकांचे २,८४,८०७ व्यवहार त्यात आहेत आणि त्यांतले फसवणुकीचे फक्त ४९२. पहिल्या तासाला कोड लिहायला लावूच नका. सगळ्यांना एवढेच विचारा : ‘एकही व्यवहार संशयास्पद नाही’ असे डोळे झाकून सांगणारे मॉडेल किती टक्के बरोबर ठरेल? एक्सेलमध्ये भागाकार करायचा. उत्तर येते ९९.८३ टक्के. काहीही न करणारे मॉडेल आणि अचूकता जवळजवळ शंभर! हा आकडा माणसाने स्वतः काढला की त्याला ‘प्रिसिजन’ आणि ‘रिकॉल’ हे शब्द शिकवावे लागत नाहीत. तो स्वतःच म्हणतो, मग किती चोर पकडले ते सांगा.

त्यानंतर गट पाडा आणि प्रत्येक गटाला बँकेचा फसवणूक-नियंत्रण कक्ष समजा. कक्षात माणसे मोजकी, दिवसाला ग्राहकांना १०० फोन करता येतात. आपला डेटा दोन दिवसांचा, म्हणजे फोन झाले २००. प्रत्येक फोन नेमक्या चोरीवरच लागला असे धरले तरी २९२ फसवणुकी सुटतात. आता मॉडेलने दिलेल्या गुणांवरून कोणते २०० व्यवहार निवडायचे? रकमेने मोठे, की मॉडेलला खात्री असलेले? निष्पाप ग्राहकाला रात्री फोन करून ‘हा खर्च तुम्हीच केला का’ असे विचारण्याची किंमत किती धरायची? या अर्ध्या तासात खोलीतला आवाज वाढतो, आणि तो वाढू द्यावा. बँकेतले लोक आणि संख्याशास्त्राचे विद्यार्थी एकाच गटात बसवले असतील तर खरी वादावादी इथेच होते.

याच डेटाची मर्यादाही दाखवून द्या. गोपनीयतेसाठी त्यातले २८ रकाने गणिती रूपांतर करून दिलेले आहेत. वेळ आणि रक्कम सोडली तर कोणत्याही रकान्याचा अर्थ सांगता येत नाही. चोर सापडतो, पण तो चोर का वाटला हे सांगता येत नाही. कर्ज नाकारलेला ग्राहक काउंटरवर येऊन ‘का नाकारले’ असे विचारतो तेव्हा हे चालणार नाही. म्हणून दुपारच्या सत्राला दुसरा डेटा घ्या.

तो म्हणजे ‘जर्मन क्रेडिट’. १,००० कर्जदार, २० रकाने, ७०० चांगले आणि ३०० बुडीत, रकमा मार्कमध्ये. १९९४ पासून हा डेटा खुला आहे आणि यंत्राने कर्ज देताना स्त्री-पुरुष भेद होतो का, हे तपासायला जगभर वापरला गेला आहे. खात्याची स्थिती, कर्जाचे कारण, वय, नोकरी किती वर्षे, घरात टेलिफोन आहे का, असे वाचता येणारे रकाने त्यात आहेत. सहभागींना आधी कागदावर दहा अर्ज द्या आणि स्वतः निर्णय घ्यायला लावा, मग मॉडेलशी ताडून पाहा. त्यानंतर मूळ माहितीपत्रकातला एक तपशील दाखवा. बुडणाऱ्याला चांगला समजण्याची चूक ही चांगल्याला बुडवा समजण्याच्या चुकीपेक्षा पाचपट महाग धरा, असे तिथे लिहिलेले आहे. हा पाचाचा आकडा बदलून तीन केला, दहा केला तर कोणाकोणाचे अर्ज उलटतात ते प्रत्येकाने करून पाहावे. धोरण कोडमध्ये कुठे लपलेले असते ते समजावून सांगायला यापेक्षा सोपा मार्ग मला माहीत नाही.

आणि मग शेवटी, चहाच्या आधी, ती जुनी खोडी. २०१९ मध्ये उल्रिके ग्रॉम्पिंग या जर्मन संख्याशास्त्रज्ञ बाईंनी हा डेटा मुळापासून तपासला. नोंदी १९७३ ते १९७५ मधल्या निघाल्या, कितीतरी रकान्यांचे अर्थ चुकीचे लागलेले निघाले. त्याहून गंमत म्हणजे वैवाहिक स्थितीच्या रकान्यात अविवाहित पुरुष आणि अविवाहित नसलेल्या स्त्रिया एकाच खान्यात टाकलेल्या होत्या. म्हणजे ज्या डेटावर लिंगभेदाचा अभ्यास इतकी वर्षे चालला, त्यातून सगळ्या अर्जदारांचे लिंग कळतच नव्हते! दुरुस्त केलेला संच ‘साउथ जर्मन क्रेडिट’ या नावाने मिळतो. सहभागींना हे सकाळी सांगू नका. त्यांनी मॉडेल बनवून, निष्कर्ष मांडून झाल्यावरच सांगा.

आता शेअर बाजार. विद्यार्थ्यांना विचाराल तर निम्म्यांना भावाचे भाकीतच हवे असते. माझे मत स्पष्ट आहे : पहिली कार्यशाळा यावर घेऊ नये. घ्यावीच लागली तर भाकीत का फसते, हाच तिचा विषय ठेवावा. त्यासाठी मसाला भरपूर आहे. रिलायन्सच्या भावांची कच्ची फाइल घ्या आणि २८ ऑक्टोबर २०२४ ची ओळ पाहा. भाव एका दिवसात जवळपास निम्मा झालेला दिसतो. मॉडेलला ती महामंदी वाटते. प्रत्यक्षात कंपनीने एकास एक बोनस शेअर दिलेले होते. दुसरा सापळा निफ्टीच्या यादीचा. आजच्या ५० कंपन्या घेऊन मागची पंधरा-वीस वर्षे तपासली की कोणतीही रणनीती सोन्याची वाटते, कारण बुडालेल्यांना आपण आधीच वगळलेले असते. सत्यम जानेवारी २००९ मध्ये निर्देशांकातून गेली, येस बँक मार्च २०२० मध्ये. युनिटेक, सुझलॉन, रिलायन्स कम्युनिकेशन्स हीसुद्धा एके काळी त्याच यादीतली नावे. तिसरा सापळा तारखांचा. मार्चअखेरच्या ताळेबंदाचे आकडे मॉडेलला ३१ मार्चलाच माहीत आहेत असे धरले जाते, पण कंपन्यांना वार्षिक निकाल जाहीर करायला ६० दिवस मिळतात. आणि चौथा, सगळ्यांत जास्त दिसणारा : डेटा पत्त्यांसारखा पिसून प्रशिक्षण आणि चाचणी असे दोन भाग करणे. मग मॉडेल गुरुवार-शुक्रवार पाहून बुधवार ‘ओळखते’. तारखेप्रमाणे कापून पुन्हा चालवा, चकाकी उतरते की नाही ते सगळ्यांसमोर दिसेल.

इथे एक कायदेशीर काळजीही घ्या. शिक्षणाच्या नावाखाली शेअर सुचवण्याचे प्रकार वाढल्यावर सेबीने जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात रेषा आखली. निव्वळ शिक्षण देणाऱ्याने एखाद्या शेअरचे नाव, अगदी सांकेतिक नावसुद्धा, घेऊन गेल्या तीन महिन्यांतले बाजारभाव दाखवू नयेत, असे त्यात आहे. असे नियम बदलत असतात, म्हणून कार्यक्रमपत्रिका छापण्याआधी ताजे परिपत्रक पाहून घ्या. कसेही असले तरी सराव जुन्या भावांवर घेणेच शहाणपणाचे. शिवाय प्रायोजक म्हणून एखादी ब्रोकर कंपनी पुढे आली आणि ‘फक्त एक छोटा स्टॉल लावतो’ म्हणाली, तर त्या स्टॉलवर दुपारपर्यंत तुमच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांची डीमॅट खाती उघडली जातील, हे धरून चाला. पैसे कमी पडले तर जेवणातला एक गोड पदार्थ कमी करा.

कार्यशाळा बुडवणारी मोठी गोष्ट मात्र विषयात नसते, ती लॅबमध्ये असते. वर सांगितलेली क्रेडिट कार्डची फाइल सुमारे १५० एमबीची आहे. पन्नास जणांनी ती एकाच वेळी उतरवायला घेतली तर साडेसात जीबी. महाविद्यालयाचे वायफाय तिथेच मान टाकते. फायली आदल्या दिवशी प्रत्येक संगणकावर टाकून ठेवा आणि आठ-दहा पेनड्राइव्ह हाताशी ठेवा. गूगल कोलॅब वापरणार असाल तर गूगलचे खाते लागते, आणि महाविद्यालयाने दिलेल्या ईमेलवर ते कधी कधी बंद केलेले असते. नोंदणीच्या अर्जातच हे तपासायला सांगा, एक सरावाची फाइल पाठवा आणि ती चालल्याचा स्क्रीनशॉट मागवा. ज्यांचा स्क्रीनशॉट येणार नाही त्यांना सकाळी तासभर आधी बोलवा. बाजारभाव थेट संकेतस्थळावरून ओढणारा कोड कधीही ठेवू नका. एकाच जाळ्यावरून साठ जणांच्या मागण्या गेल्या की समोरची यंत्रणा दार लावून घेते, आणि मार्गदर्शक ‘काल तर चालत होते’ म्हणत उभा राहतो. लॅबमध्ये दर आठ-दहा जणांमागे कोड जाणणारा एक विद्यार्थी हवा. त्याला स्वयंसेवक म्हणून बिल्ला द्या, आणि मानधनही द्या. एक्स्टेन्शन बोर्डांबद्दल वेगळे सांगायला नको.

तारीख ठरवताना पाहुण्यांच्या धंद्याचे पंचांग पाहा. मार्च महिना बँकांसाठी संपूर्ण बाद, आणि तिमाहीचा शेवटचा आठवडाही. सनदी लेखापालांना सप्टेंबरमध्ये विचारूच नका, करलेखापरीक्षणाच्या घाईत ते फोनही उचलत नाहीत. महिन्याची वीस तारीख जीएसटीची. बाजारात काम करणारा माणूस कामाच्या दिवशी सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीनपर्यंत तुमचा नाही. बँकवाल्यांसाठी दुसरा किंवा चौथा शनिवार सर्वांत सोयीचा, २०१५ पासून त्या दिवशी बँका बंद असतात. विद्यापीठाच्या परीक्षांचे वेळापत्रक तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ते दोनदा बदलते हे धरूनच तारीख घ्या.

आता पाहुणे. मुंबई-पुण्याच्या आसपास या विषयाची माणसे आणि संस्था दाट आहेत : आयआयटी मुंबई, गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, पाताळगंगेला सेबीची एनआयएसएम, पुण्यात कोंढव्याची एनआयबीएम आणि गोखले संस्था. तिथल्या अभ्यासकाला ‘एआय या विषयावर बोला’ असे पत्र पाठवलेत तर तो नेहमीच्याच स्लाइड घेऊन येईल. त्याऐवजी तुमचा डेटा, सरावाची फाइल आणि सहभागींचे पाच प्रश्न पंधरा दिवस आधी पाठवा. ‘या मॉडेलमध्ये तुम्ही काय बदलाल’ एवढेच विचारा. चांगला अभ्यासक अशा पत्राला नाही म्हणत नाही, आणि नाही म्हणाला तरी योग्य शिष्याचे नाव सुचवतो.

पण एक खुर्ची अशा माणसासाठी ठेवा, ज्याने स्वतः कर्जे दिली आणि वसूल केली आहेत. नागरी सहकारी बँकांची संख्या महाराष्ट्रात देशात सर्वाधिक आहे, पतसंस्था तर गावोगाव. तिथला मुरलेला वसुली अधिकारी मॉडेलच्या यादीवर बोट ठेवून सांगतो की हा बुडवा नाही. ऊस घातल्यावर चौदा दिवसांत पैसे मिळायला हवेत असा नियम आहे, पण कारखान्याने बिल लांबवले की शेतकऱ्याचा दुचाकीचा हप्ता थकतो. मॉडेलला दिसतात थकलेले दोन हप्ते. कारखान्याचे बिल कोणत्याच रकान्यात नसते. मग तो रकाना कुठून आणायचा, आणि आणता आला तरी शेतकऱ्याच्या माथी कारखान्याचा दोष मारणे योग्य का, यावर एक तास सहज निघतो. या अधिकाऱ्याला व्यासपीठावर एकट्याला भाषण करायला लावू नका. त्याला आणि संगणकशास्त्राच्या प्राध्यापकाला एकाच टेबलाशी बसवा आणि समोर तीच दहा अर्जांची चवड ठेवा.

नियमांच्या सत्रासाठी वकील शोधत बसण्याची गरज नाही. रिझर्व्ह बँकेने आयआयटी मुंबईचे पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा अहवाल ऑगस्ट २०२५ मध्ये आला. वित्तक्षेत्रात एआयचा जबाबदार वापर कसा व्हावा यासाठी त्यात सात सूत्रे आणि २६ शिफारशी आहेत. अहवाल खुला आहे. सात गटांना एकेक सूत्र वाटा आणि आधी बनवलेले आपलेच कर्जाचे मॉडेल त्या सूत्रावर तपासायला सांगा. सूत्रे वाचून दाखवण्याचा कंटाळवाणा तास वाचतो. बाजाराच्या बाजूने सेबीचा जून २०२५ चा सल्लामसलतीचा मसुदा याच पद्धतीने वापरता येईल. रिझर्व्ह बँक इनोव्हेशन हबचे ‘म्यूलहंटर’ हे चोरीचा पैसा फिरवणारी भाड्याची खाती शोधणारे साधन आहे. सकाळच्या फसवणुकीच्या सरावाला जोडून त्याची चर्चा चांगली रंगते.

सहभागींमध्ये बँकेचे लोक असतील तर कोणीतरी उत्साहाने म्हणेलच, ‘आमच्या शाखेचाच डेटा आणतो की, नावे काढून टाकतो.’ नम्रपणे पण ठाम नकार द्या. तालुक्याच्या गावात पिनकोड, वय, व्यवसाय आणि कर्जाची रक्कम एवढे चार रकाने असले की नाव लागत नाही, अर्ध्या वर्गाला माणूस ओळखता येतो. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानंतर ही फक्त सभ्यतेची बाब राहिलेली नाही. हेच चॅटबॉटच्या सत्राला लागू. ग्राहकाचे विवरणपत्र, पॅन, आधार यांतले काहीही बाहेरच्या चॅटबॉटमध्ये चिकटवायचे नाही, हे फळ्यावर लिहून ठेवा. चॅटबॉट तपासायचाच असेल तर एखाद्या सूचीबद्ध कंपनीचा जाहीर वार्षिक अहवाल घ्या, त्यातले दहा आकडे त्याला विचारा आणि प्रत्येक उत्तरापुढे पान क्रमांक लिहायला लावा. मग ते पान उघडून पाहा. हा सराव वाणिज्य शाखेच्या मुलांना फार आवडतो, कारण इथे चूक पकडायला कोड यावा लागत नाही, ताळेबंद वाचता यावा लागतो.

शोधनिबंध मागवावेत का? पहिल्या वर्षी नको, असे मी म्हणेन. निबंध आले की ते वाचायला परीक्षक लागतात, आणि वित्त व संगणक दोन्ही समजणारे परीक्षक जमवणे हे स्वतंत्र काम आहे. ‘निवडक निबंध मान्यताप्राप्त नियतकालिकात प्रसिद्ध होतील’ ही ओळ तर कोणाच्या सांगण्यावरून पत्रकात टाकू नका. यूजीसीने मान्य नियतकालिकांची केअर यादी बंद केल्याचे २०२५ मध्ये जाहीर केले, पण पैसे घेऊन छापणाऱ्यांचा धंदा बंद झालेला नाही. अशा लोकांचे ईमेल तुमची घोषणा झाल्याच्या तिसऱ्या दिवशी येऊ लागतील. निबंधांऐवजी दुसऱ्या दिवशी दुपारी दर गटाला दहा मिनिटे द्या. आमचे मॉडेल कोणत्या अर्जदाराच्या बाबतीत चुकले आणि का, एवढेच त्यांनी मांडायचे.

राहिला प्रमाणपत्रांचा प्रश्न. ती समारोपाला वाटू नका. आपली सरावाची फाइल आणि त्यातल्या एका चुकीचे अर्ध्या पानाचे टिपण पंधरा दिवसांत पाठवणाऱ्यालाच प्रमाणपत्र, असे पत्रकातच छापा. फाइल अडली तर विचारायला मधल्या एका संध्याकाळी तासभराची ऑनलाइन बैठक ठेवा. नोंदणी घटेल आणि प्रमाणपत्रे तर आणखी कमी जातील. प्राचार्यांना आणि आयक्यूएसीच्या समन्वयकांना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे अहवालात ‘सहभागी’ आणि ‘पूर्ण केलेले’ असे दोन रकाने करता येतील.